माशीला हुक, मावशीला नव्हे

गुंगालिन, कॅनबरा
ऑक्टोबर २०२१

ती. पद्मामावशीस,

सारंगचा दीड मीटर अंतरावरून साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? दुसरा डोस झाला का? तू विणून पाठवलेला मरून स्वेटर रोज अंगात असतो. (इथे वसंतातही दात वाजतात.) पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय.

लॉकडाऊनच्या नऊ आठवड्यांत मी फक्त फ्रीजपर्यंत प्रवास केला. त्यामुळे ऑफिसातला प्रताप शनिवारी डोंगरातल्या नदीत ट्राउट मासे धरायला चल म्हणाला, तेव्हा मला भरूनच आलं. पण बर्फ वितळून नद्या फुगल्यात, पाणी चहासारखं गढूळ झालंय. या प्रकारात गळाला खरा किडा लावत नाहीत. पिसं, लोकर गुंडाळून खोटी माशी बांधायची, आणि असल्या पाण्यात ती चांगली जाडजूड, गडद हवी, नाहीतर माशाला दिसतच नाही. दुकानं बंद, म्हणून घरीच माशा बांधत बसलो. सरावासाठी बाथरूमचा नळ पूर्ण सोडून टबात गळ टाकला, तर मयूराची शॉवर कॅप लागली. (अडीच मिनिटं झुंजली. मयूरा अजून झुंजतेय.)

सगळं जमत आलं आणि माशी शिंकली. (हल्ली तिचीही टेस्ट करायला हवी.) आमच्या नुपूरचं मराठी तुला माहीतच आहे. ऑनलाइन वर्गात बाईंनी विचारलं, घरी काय चाललंय? आमचं रत्न उत्तरलं, "डॅड इज टायिंग मावशी टू अ हुक. ऑन सॅटर्डे ही विल थ्रो हर इन द रिव्हर." मावशी म्हणजे कोण? "डॅड्स आंटी. शी इज व्हेरी ओल्ड."

लगेच शाळेचा व्हिडिओ कॉल. माशी आणि मावशी यांत फक्त एक 'व' आहे, हे मी चाळीस मिनिटं इंग्रजीत समजावत होतो. पुरावा म्हणून डब्यातल्या त्रेचाळीस माशा कॅमेऱ्यासमोर धरल्या, तर बाई पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या, "सो मेनी?"

असो. तब्येतीला जप.

तुझा,
सारंग

ता.क. : उद्या तुझ्या सकाळी सहाला झूमवर ये आणि बाईंना दोन्ही हात मोकळे दाखव. नाहीतर शनिवारी त्या घरी चौकशीला येणार, आणि माझा ट्राउट बोंबलला.

ता.क. दुसरं : मला बघून किंचाळू मात्र नकोस. गढूळ पाण्यात मरून रंग फार उठून दिसतो, म्हणून स्वेटरच्या दोन्ही बाह्या त्रेचाळीस माशांना लागल्या. हात मोकळे दाखवून झाले की लगेच सुया घेऊन बस. थंडी आहे.