ताटातला चीजचा तुकडा

भिवंडी, जुलै २००७

ती. कमळताईस, बारकीचा नमस्कार.

मी बरी आहे. दीपेश आणि सूनबाई फार जपतात. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या तबेल्यात उपाशी रेडकू आईपासून ओढून नेताना पाहिलं आणि मी दूध सोडलं. गावी आपण एक आचळ रेडकासाठी राखायचो ना? मग दही, तूपही सुटलं. चीजही खात नाही, पण त्याची ओढ मात्र सुटता सुटत नाही. हे होते तेव्हा गोदामातून येताना आणायचे, आम्ही अर्धं अर्धं खायचो.

शेजारीण सुनेला म्हणाली, “सासूला दूधपन देत न्हायस काय गं?” मेघाली बिचारी रडली. दीपेश म्हणतो, “आई, बाबांसाठी किती दिवस उपास करणार?” रोज दोघं माझ्या ताटात चीजचा तुकडा ठेवतात आणि मी खाते का बघत बसतात.

ताई, मला तो खावासा वाटतो. पण खाल्ला तर म्हणतील, आई दुःखातून सावरली. मी सावरलेली नाही, आणि हा उपासही नाही.

दीपेश तुझं ऐकतो. त्याला फोन करून एवढंच सांग, की तिच्या ताटात ठेवू नका. मेघालीला मात्र बोलू नकोस.

तुझ्या म्हशीच्या रेडकाला पोटभर पिऊ दे.

तुझी,
हिरा