हँडब्रेक ओढला की वर जातं

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार. सकाळ.
इंजिन नंबर एक, बरं आहेस ना? इंजिन नंबर दोन, तू? शेपटीवरच्या पंख्या, तुझी तब्येत? माझा गुडघा, कुरकुर चालूच. सबीना, तुला विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात गेलीस, आता तिथे बरीच असशील.

कपाळावर राख, समोर कॉम्प्युटर. तो सबीनाच्या शिलाई मशीनवर ठेवलाय. लेकीच्या पोरीने, अलिशाने, हेलिकॉप्टरचा गेम घालून दिला. गेम म्हणायचं नाही, सिम्युलेटर. दोन इंजिनांचं, आमचा पोरगा फ्लेव्हियन जुहूहून समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर नेतो अगदी तसंच. उपवासकाळाचा संकल्प: मटण बंद, आणि ईस्टरपर्यंत पायलट होणे. ईस्टरला तो आंबिवलीला येणार. आईशी, म्हणजे तुझ्याशी, फोनवर तासभर बोलायचा. माझ्याशी "जेवलात?" "हो." "ठेवतो." विषयच नाही आमच्यात. आता विषय तयार करतोय.

७ मार्च
खोपट डेपोत उभी हयात एसटी चालवली, हे काय अवघड? डाव्या हाताला हँडब्रेक दिसला. थांबायचं म्हणून ओढला. हेलिकॉप्टर वर गेलं. आणखी ओढला. आणखी वर. मग डोंगर.
अलिशा म्हणाली, अहो आजोबा, तो हँडब्रेक नाय! ओढला की वर जातं, दाबला की खाली येतं.
दोष माझा नाही. बनवणाऱ्याने आधी एखाद्या ड्रायव्हरला विचारायचं.

१९ मार्च
प्रगती. आज कमी वेळा पडलो. आमचा जुना कंडक्टर गुणाजी मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, कॉस्मास, पॅसेंजर कुठे उतरवलेस रे? डायरेक्ट वरच्या डेपोत? मी म्हटलं, तू डबल बेल मार, बाकी मी बघतो. त्याने मारली. पडलो. घाई त्याची.

३० मार्च, रविवार
हवेत एका जागी उभं राहणं सगळ्यात कठीण. दूध उतू जाऊ न देता धरून ठेवण्यासारखं. दांडी हलवायची नाही, हलवायचं नुसतं मनात आणायचं. हे सगळं फ्लेव्हियनला फोनवर सांगितलं. तो तीनदा "काय?" म्हणाला. म्हणजे चकित झाला. शेवटी "हं हं" करत फोन ठेवला. भारावून गेला असणार.

१२ एप्रिल
मुद्दाम एक इंजिन बंद केलं. यंत्र कण्हलं, पण दुसऱ्यावर निघालं. पाहिलंस, सबीना? एकावरही घरी येता येतं.
विमानतळाच्या थोडं अलीकडे पडलो. पण घर दिसत होतं.

२० एप्रिल, ईस्टर. दुपार.
फ्लेव्हियन आला. कॉम्प्युटरखालच्या मशीनवर हात ठेवून म्हणाला, मम्मीचं. बस, एवढंच. हेलिकॉप्टरात कप्तान उजवीकडे बसतो, म्हणून त्याच्या डावीकडे खुर्ची टाकली. आणि बोललो! दोन इंजिनं, पंखा, हँडब्रेक, दूध, सगळं. जन्मात पोराशी एवढा बोललो नसेन. तो पडद्याकडे बघत मान हलवत होता. मनात म्हटलं, जमलं.
मग तो म्हणाला, पप्पा, या बाजूला बसा ना. डाव्या कानाने ऐकू येत नाही. मेडिकलला नापास झालो. दिवाळीपासून ऑफिसात बसवलंय. उडणं बंद.
मला का नाही सांगितलंस, विचारलं.
म्हणाला, मम्मी असती तर सांगितलं असतं. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना.
मी उजवीकडे जाऊन बसलो.

२१ एप्रिल
सकाळी त्याने बॅग भरली. म्हणणार होतो, दोन दिवस राहा रे. तोंडातून आलं, निघ, उशीर होईल. गेला.
पोराला थांबवायचं होतं, आणि पुन्हा तोच हँडब्रेक ओढला.

दुपारी चष्मा लावून एका बोटाने मेसेज लिहिला:
फ्लेव्हियन, कान कसा आहे? झोप लागते का? डबा कोण देतं? मी बरा आहे. हेलिकॉप्टर मला जमत नाही, रोज पडतं. परत आलास की शिकव. उजवीकडे बसेन. फोनवर तुला त्रास होत असेल, तर लिही. दोन ओळी चालतील. पण लवकर लिही, बाळा.