चुलीत टाकलेल्या गोळ्या

नारीन, शुक्रवार

प्रिय पेरिझात,

नऊ वर्षांत सणाच्या शुभेच्छांपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही. फोन हातात घेते आणि नंबर न लावताच परत ठेवते, म्हणून हे पत्र बिश्केकला येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. आधी आईचं सांगते. ती बरी आहे. लकव्याने गेलेला उजवा हात अजून उचलत नाही, पण जीभ सुटलीय, आणि सुटल्यापासून मला सुखाने बसू देत नाही.

मी मात्र बरी नव्हते गं. उन्हाळा सरता सरता माझी झोप उडाली. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे आणि पुढचा आकडा आठवायचा नाही. मग एका सोमवारी अंथरुणावर पडले ती दोन दिवस उठलेच नाही. आई पलीकडच्या खोलीत होती. दूध द्यायला आलेल्या शेजारच्या उल्झानने तिला ओल्या गादीवर, विझल्या चुलीशेजारी बघितलं. आईची हाक मला ऐकूच आली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला खरं सांगते. येत होती. प्रत्येक हाक ऐकू येत होती आणि मी भिंतीकडे बघत पडून होते.

उल्झान मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण कोवळी पोर, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली, "एजे, हा आळस नाही, आजार आहे. रोज सकाळी एक गोळी घ्या. दोन-तीन आठवडे गुण दिसणार नाही, तरी सोडू नका." मी डबी घरी आणली आणि पिठाच्या पिंपामागे लपवली. अकरा दिवस ती तिथेच होती. नाव वेड्यांच्या कुठल्या तरी वहीत चढेल, मुख्याध्यापक वर्ग काढून घेतील, गावातल्या बायका कुजबुजतील, असं स्वतःला सांगत राहिले. ते खोटं नव्हतं. पण डबीकडे हात गेला की मला नऊ वर्षांपूर्वीचं तुझं स्वयंपाकघर दिसायचं.

तुझी बेगाय तेव्हा चाळीस दिवसांची होती. ती रडून रडून निळी पडायची आणि तू नुसती बसून असायचीस. मी पिठाचे बोरसोक तळून घेऊन आले, तर खिडकीत तुझ्या गोळ्या. तुझ्या सासूसमोर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आपल्या सात पिढ्यांत कुणाला वेड लागलं नाही! पोर झाल्यावर सगळ्याच थकतात. नाटकं पुरे!" आणि डबी चुलीत टाकली. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी भीती उतरवायला शिसं ओतणारी म्हातारी आणली, तीही मीच. वसंतात सासरच्यांनी तुला परत पाठवलं, तेव्हा दारात अडवून मी म्हणाले, "इथे राहू नकोस, शाळेतले लोक विचारतात." तू पोरीला पोटाशी धरून त्याच गाडीने बिश्केकला गेलीस.

गेल्या आठवड्यात पीठ काढताना डबी खाली पडली. आईने अंथरुणावरून बघितलं. "काय आहे ते?" मी डबी मुठीत लपवली. ती म्हणाली, "पेरीला होतं तेच ना? तिने शिवणाच्या कारखान्यात दहा-दहा तास उभं राहून त्या घेतल्या. एकटीने पोर वाढवली. तू कोण लागून गेलीस मोठी? आण इकडे पाणी." तू मला कधी सांगितलं नाहीस, पण आईला सगळं ठाऊक होतं. तिच्यासमोर, चोरासारखी, मी पहिली गोळी गिळली. आज आठवा दिवस. तोंडाला कोरड पडते, हात जरा थरथरतो, मन अजून तसंच जड आहे. पण आईची वेणी रोज मीच घालते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? कुठल्या औषधाने गुण आला? कळलं तर मला ठरवायला सोपं जाईल." मी ताठ मानेने म्हणाले, "नाही. आमच्याकडे असं कुणी नाही." माझा स्वतःचा जीव टांगणीला लागला होता, तरी मी तुला नाकारलं, पेरी. माफी मागायचं तोंड मला नाही. सोमवारी पुन्हा तपासणी आहे. तुझ्या औषधाचं नाव मला कळवशील? आणि त्यांना सांगू का, की मला एक बहीण आहे, आणि ती माझ्याआधी यातून गेलीय?

तुझीच, जशी आहे तशी,
बुरुल एजे