दकसूचं पान कोण मांडणार?

मी, पे ओक-बुन, वय एकोणऐंशी, कै. गोक चांग-इल यांची पत्नी, राहणार इंचॉन, बंदरामागची चढण, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि स्वखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते दिरांच्या दमदाटीने केलं होतं.

१. खाणावळ, वरची खोली आणि बँकेतली शिल्लक मुलगी मी-रान हिला. कोणतीही अट नाही.

२. लोखंडी कढई आणि सोयाबीनच्या काळ्या वाटणाचा रांजण धाकटे दीर चांग-बोक यांना. चाळीस वर्षं त्यांनी ऐकवलं, "वहिनी, बाबांनी चीनहून आणलेल्या जाजांगम्यॉनचा तुम्ही गोड चिखल केलात!" हो, केला. त्या नूडल्सवर कांदा-बटाटा घातलेला तो चिखल बंदरावरच्या कोरियन हमालांनी वाडगे पुसून खाल्ला. आज इथे नव्या घरात भांडी लागायच्या आत लोक तेच मागवतात. भावजींनी आता तरी चव घ्यावी.

३. माझा मुलगा दकसू, याच्या तिथीचं पान. दरवर्षी मी त्याच्यापुढे वाडगाभर जाजांगम्यॉन मांडते. भावजी म्हणतात, "बिनलग्नाच्याला कसलं पान?" मी-रान चर्चला जाते. ती म्हणाली, "आई, मेलेलं माणूस जेवत नाही गं." मलाही कळतं ते. तरी मला मांडल्याशिवाय राहवत नाही.

का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी, एकोणीस डिसेंबरला, रस्त्यावर बर्फ होतं. घरपोच नूडल्स मागवलेल्या गिऱ्हाइकाचा तिसरा फोन आला. दकसू म्हणाला, "आई, फार निसरडं झालंय, दहा मिनिटं थांबतो." मी खेकसले, "थांबतोस कसला मेल्या! नूडल्स फुगून लगदा होईल. नीघ!" चौकात त्याची मोटरसायकल घसरली. पोर वेगाने चालवायचा, असं सगळे म्हणाले. मी गप्प बसले. मेल्या म्हणाले मी त्याला.

डिसेंबर मला दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. पान मांडणाऱ्याचं नाव इथे हवं: ....................

दोन्ही साक्षीदारांना हे वाचून दाखवलं. दोघांनी माना खाली घातल्या. त्यांचा काय दोष? मुलगा माझा, ओरडले मी. जागा कोरीच ठेवून सही करते. यंदापासून माझं पोर उपाशी राहील.

सही व शिक्का: पे ओक-बुन

साक्षीदार:
१. नो सांग-ग्यू, शेजारचे न्हावी
२. चू बोक-नान, खाणावळीतली जुनी वाढपीण

इंचॉन, १४ सप्टेंबर २०१९