देवळीच्या लांब रोट्या

रत्नदीप,

तू झोपला होता, म्हणून उठवलं नाही. मी पहिल्या बसनं देवळीला जात आहे. तिथल्या बारशाच्या लांब रोट्यांचं काम घेताना तू त्या घरच्यांना सांगून आला, "माय करते ना सगळं." सगळं म्हणजे काय, ते तू विचारलं नाही. मागच्या वेळी वडनेरच्या कामात त्या सगळ्यात चूल पेटवणं, कणीक आपटणं, पालथ्या मडक्यावर रोट्या टाकणं आणि वर पंगतीत वाढणंही आलं. तेव्हापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तुला बोलले नाही. अक्षर आधीच कच्चं, त्यात हा हात, म्हणून सावकाश वाच.

भाजी झाकून ठेवली आहे, भात तेवढा लावून घे.

आज पिठाला हात लावायच्या आधीच देवळीच्या घरच्यांशी बोलणार आहे. रोट्या मी टाकीन. कणीक आपटायला दुसरी बाई पाहिजे आणि वाढायला घरची माणसं. पटलं नाही तर दुपारी परत येते. ते तुला फोन करतील, रागावतील. तेव्हा माझ्या वतीनं हो म्हणू नको. "मायले विचारून सांगतो," एवढंच म्हणजो.

माय