दुसऱ्या साक्षीची जागा

दादा, आज रेडिओवर सांगितलं, चार देशांच्या फौजा मिळून पाचव्या देशात शिरल्या. तिथल्या लोकांच्या भल्यासाठी म्हणे. मला तुमचंच बोलणं आठवलं, "भलं करायला आलेल्याला आधी इचारावं, तुला बोलावलं कुणी?" मंठ्याच्या कचेरीबाहेर सतरंजीवर बसून तुम्ही जन्मभर लोकांचे अर्ज लिहिलेत, आणि जगाकडंही तसंच बघितलंत, संशयानं. भारताची फौज निजामाच्या मुलखात आली तेव्हा गावात गूळ वाटत होते, आणि तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "पोलिसी कारवाई म्हणतेत, मंग तोफा कशाला? निजाम सरकारचा अर्ज तिकडं देशोदेशीच्या पंचायतीत पडलाय. निकाल लागला न्हाई अन् ताबा घेतला. हे कायद्यात बसत न्हाई." मी चिडलो. "निजामाचे रजाकार घरं जाळून राह्यले व्हते, तवा कुठं गेल्ता कायदा?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "बराबर हाय. फौज यायलाच पायजे व्हती. पर आता ज्याच्या त्याच्या हातात न्याय आला, त्याचं काय?"

दोन दिवसांनी आपल्या शेजारचा मुसलमान शिंपी दारात उभा. बसा म्हटलं तरी बसेना. तो रजाकारांत नव्हता, एवढं लिहिलेली चिठ्ठी त्याला पाहिजे होती. तुम्ही लिहिली, सही केलीत, आणि सवयीनं म्हणालात, "एक साक्ष माझी. एका साक्षीचा कागद कुणी मानत न्हाई. दुसरी कुणाची?" आणि माझ्याकडं बघितलंत. मी तुमचा एकोणीस वर्षांचा मुलगा, सहीला चालणारा. पण त्याच्या मशीनवर मी खाकी कापड पाहिलं होतं, रजाकार घालायचे तसलं. मी खाली बघत बसलो. "आणतो कुणाला तरी, जल्दी येतो," म्हणून चिठ्ठी तुमच्यापाशीच ठेवून तो गेला. वेशीपाशी त्याला मारून टाकलं. फौजेनं नाही, आपल्याच गावच्या लोकांनी.

पुढं वर्षानुवर्षं मी तुम्हाला टोचत राहिलो, की कायदा कायदा करून तुम्ही माणूस घालवलात. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तू तिथंच बसला होतास. त्याची मला फार लाज वाटते, दादा.

तुम्ही गेल्यावर तो कागद तुमच्या पेटीत सापडला. ते खाकी रजाकारांचं होतं की कचेरीतल्या शिपायाचं, मी कधी कुणाला विचारलं नाही. आज दुसऱ्या साक्षीच्या जागी सही केली. हे पत्रही त्याच पेटीत ठेवतो, धाडणार कुठं? पण तुमच्यापाशी खोटं बोलत नाही. सही करतानाही मनात आलंच, त्यानं रजाकारांचे कपडे खरंच शिवले असतील तर?