टाकी क्रमांक सातमधील अकरा रोहू

प्रति,
मा. संचालक,
मत्स्य शरीरक्रिया संशोधन केंद्र,
हैदराबाद.

विषय : टाकी क्रमांक सातमधील अकरा रोहू मासे सोमवारी नष्ट न करता अर्जदाराच्या स्वाधीन करणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दिनांक ८ नोव्हेंबर २०२४.

महोदय,

१. अर्जदार नरहर लक्ष्मणराव मुदखेडकर, राहणार गौलीगुडा, हा आपल्या केंद्रात बावीस वर्षे मत्स्यपरिचर आहे. अर्जदाराचा मुलगा अमित याने कुकटपल्लीहून इंग्रजीत उत्तर लिहून अर्जदाराकडे पाठविले होते. त्यात अर्जदार तीन ठिकाणी खेद व्यक्त करीत होता. प्रत्यक्षात तसा खेद होत नसल्याने, आणि आपण मूळचे पुण्याचे असल्याने, अर्जदार हे मराठीत लिहीत आहे.

२. नोटिशीतील आरोप खरा आहे. दिनांक ५ नोव्हेंबर रोजी, रजेवर असताना, अर्जदाराने उपाशी गटातील टाकी क्रमांक सातमध्ये भात व एक बिस्किट टाकले. मासे सोळा दिवसांचे उपाशी होते, एकवीस पुरे व्हायचे होते. त्यामुळे संशोधक प्राजक्ता मॅडमच्या वर्षभराच्या कामातील एक संपूर्ण टाकी बाद झाली. मॅडम अर्जदारास काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

३. हा प्रयोग कशाचा आहे हे अर्जदारास ठाऊक नव्हते, असे नोटिशीत म्हटले आहे. ते बरोबर नाही. मॅडमनी समजावून सांगितले होते, की मासा उपाशी राहिला की त्याच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी न होता उलट चढते. मात्र यकृत ते जुमानत नाही, त्यामुळे वाढ थांबते. म्हणजे वरून हुकूम सुटत राहतात, खाली अंमलबजावणी होत नाही. सरकारी नोकरी केलेल्या माणसास हे एका वाक्यात समजते. अर्जदाराने तेव्हा विचारले होते, "मॅडम, माणसातही असंच होतं का हो?" मॅडम म्हणाल्या, "बरंचसं. का, काकूंनी जेवण सोडलंय का?" तेव्हा काकूंनी जेवण सोडले नव्हते. नंतर ते बंद करण्यात आले.

४. अर्जदाराची पत्नी सौ. सरोज हिला ऑक्टोबरअखेर पोटाच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात दाखल केले. पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, "अम्मा कू मूं से कुछ बी नक्को देना जी, कल सुबू ऑपरेशन है." दुसऱ्या सुबूला ऑपरेशन पुढे गेले. तिसऱ्यालाही गेले. सलाइन चालू होते. सरोज म्हणाली, "अहो, एक उस्मानिया बिस्किट चहात बुडवून द्या. अर्धंच द्या. कोण बघतंय?" अर्जदाराने दिले नाही. बावीस वर्षांत अर्जदाराच्या हातून उपाशी गटाला तोवर एक दाणा गेलेला नव्हता, याबद्दल केंद्राने त्यास एकदा प्रशस्तिपत्रकही दिले आहे. तोच हात तिथेही होता. तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या माशांना तरी सांगता का हो, कधी जेवायला मिळणार ते?" अर्जदाराने सांगितले, की माशांना सांगत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला नेताना, लिफ्टच्या दाराशीच ती गेली. पोट रिकामे होते. नियम पाळला गेला.

५. दहाव्या दिवशी मुसी नदीकाठी पिंड ठेवला. कावळे आले, बसले, शिवेनात. इच्छा राहिली असेल तर शिवत नाहीत, हे आपणास ठाऊक असेलच. मेहुणे अनिल यांनी हात जोडून सांगितले, "सरोजताई, अमितचं लग्न याच वर्षी उरकतो." अमित म्हणाला, "आई, मी फ्लॅट सोडून बाबांजवळ राहायला येतो." यावर पुढचा कावळा दोन पावले मागे सरकला. काय राहिले होते ते अर्जदारास ठाऊक होते. समोरच्या हॉटेलातून बिस्किट आणून पिंडाशेजारी ठेवले, आणि "घे गं आता," असे म्हटले. तरी नाही. ऊन चढले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला व म्हणाले, "झालं समजा. आता पाण्यात सोडा, मासे खातील."

मुसीच्या त्या पाण्यात मासा असल्याचे अलीकडे कोणी पाहिलेले नाही. शहरात मासे कुठे आहेत, हे मात्र अर्जदारास माहीत होते.

६. डोक्याच्या मुंडणामुळे केंद्राच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखले नाही. ओळखल्यावर हातातला भात-बिस्किटाचा डबा पाहून म्हणाला, "क्या जी चाचा, मच्छियों कू दावत देरे क्या?" अर्जदार हो म्हणाला. पहारेकऱ्याने ती थट्टा समजून सोडले. त्याचा यात दोष नाही.

आता नोटिशीतील मुख्य प्रश्न : केंद्रात जेवत्या गटाच्या सहा टाक्या असताना उपाशी टाकीच का निवडली? महोदय, जेवते मासे अन्न हुंगतात आणि कधीकधी तोंड फिरवून जातात. सकाळपासून अर्जदाराने पुरेसे नकार पाहिले होते. आणखी एक सोसवला नसता. टाकी सातमधले येणारच होते. ते आले. भात आणि बिस्किट मिळून दीड मिनिटात काही उरले नाही. अर्जदार पत्नी गेल्यापासून रडला नव्हता, तो त्या टाकीचा काठ धरून रडला.

७. सबब, बाद झालेले हे अकरा मासे अर्जदारास द्यावेत. अर्जदारास सेवेतून कमी करावे, निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे त्याचा विचार करू नये. सरोजला जे मिळायला हवे होते ते या अकरांच्या पोटात गेले आहे, याखेरीज अर्जदाराचा त्यांच्यावर काही हक्क नाही.

८. ही विनंती आपण अमान्य कराल, हेही अर्जदार जाणतो. प्रयोगातला मासा बाहेर देता येत नाही. हा नियम अर्जदारानेच अनेकांना ऐकवला आहे. तसे झाल्यास एवढेच करावे. मारण्याआधी माशांना एक दिवस उपाशी ठेवतात, कारण रक्त तपासायचे असते. यांचे रक्त आता कोणालाच तपासायचे नाही. तेव्हा रविवारी त्यांना पोटभर घालावे. अर्जदारास आत सोडणार नाहीत, म्हणून जो कोणी घालेल त्यास सांगावे, की एक मूठ टाकून लगेच जाऊ नये. कल्ल्याजवळ ठिपका असलेला एक आहे, तो सगळ्यांचे झाल्यावर येतो. त्याच्यासाठी थांबावे.

आपल्या हुकमाबाहेर एकदाच गेलेला,
नरहर लक्ष्मणराव मुदखेडकर
मत्स्यपरिचर

हैदराबाद, दिनांक १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत (रजा मंजुरीसाठी आपल्या कार्यालयाने दोनदा मागितलेली).